अँझिओच्या खंदकातला रेडिओ: दाढीचं ब्लेड डायोडचं काम कसं करायला लागलं

डायोडने (म्हणजे करंट एका दिशेने सहज जाऊ देणाऱ्या भागाने) रेडिओ सिग्नल कसा पकडतात हे समजावताना पुस्तकांत नेहमी एक नीटनेटकं सर्किट असतं, कॉइल, गँग कंडेन्सर, जर्मेनियम डायोड, हेडफोन, आणि खाली दोन ओळी की डायोड अर्धी लहर कापतो, झालं डिटेक्शन, म्हणजे रेडिओ लहरीतून आवाज वेगळा काढणं. ते चूक नाहीये पण त्यातून खरा मुद्दा हातातून निसटतो असं मला वाटतं. म्हणून मी 1944 सालची इटलीतली एक केस घेतोय, जिथे डायोड नावाची वस्तू कुणाकडे नव्हतीच आणि तरीही लोकांनी गाणी ऐकली, बातम्या ऐकल्या.

22 जानेवारी 1944 ला अमेरिकन आणि ब्रिटिश सैन्य रोमच्या दक्षिणेला साधारण 50 किलोमीटरवर अँझिओ आणि नेत्तुनो या दोन किनाऱ्यावरच्या गावांपाशी उतरलं. उतरताना विरोध जवळपास झालाच नाही, पण मोहिमेचा अमेरिकन सेनापती जनरल लुकासने आधी किनारा पक्का करायचं ठरवलं आणि तेवढ्या वेळात जर्मन सेनापती केसेलरिंगने सैन्य आणून समोरच्या अल्बन टेकड्या धरल्या. मग काय, वरून तोफा आणि खाली सपाट ओलसर जमिनीत खड्डे खणून बसलेले सैनिक, हे थेट 23 मे ला वेढा फोडेपर्यंत चाललं. (त्याच वर्षी इटलीत आपली मराठा लाइट इन्फन्ट्री पण लढत होती, यशवंत घाडगेंना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो जुलै 1944 मधल्या वरच्या टायबर खोऱ्यातल्या लढाईसाठी, पण अँझिओची ही गोष्ट अमेरिकन सैनिकांची आहे.)

खड्ड्यात बसलेल्या माणसाला दिवसचे दिवस काही करायला नाही, बाहेर डोकं काढायची सोय नाही, आणि हवेत तर रेडिओ स्टेशनं आहेत. रोम जर्मनांच्या ताब्यात, तिथून खास मित्रराष्ट्रांच्या सैनिकांसाठी इंग्रजीतून प्रचाराचे कार्यक्रम लागायचे, ‘ॲक्सिस सॅली’ म्हणून सैनिक जिला ओळखायचे ती रोमची निवेदिका म्हणजे रीटा झुक्का, न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली. प्रचार कुणी मनावर घ्यायचं नाही, पण मध्येमध्ये गाणी चांगली लागायची. दुसरीकडे नेपल्स ऑक्टोबर 1943 पासून मित्रराष्ट्रांकडे होतं, म्हणजे तिथून आपल्या बाजूचं प्रसारण. ऐकायला होतं सगळं, ऐकायचं कशावर हा प्रश्न.

व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) सेट का चालले नसते? एक तर बॅटऱ्या. व्हॉल्व्हला फिलामेंट तापवायला वेगळी आणि प्लेटला वेगळी, जड आणि महाग, खंदकात कोण आणून देणार. आणि दुसरं कारण तांत्रिकदृष्ट्या जास्त महत्त्वाचं. सुपरहेट या नेहमीच्या प्रकारच्या रिसीव्हरच्या आत एक छोटा ऑसिलेटर, म्हणजे स्वतःच लहर तयार करणारं सर्किट, चालू असतो, 800 किलोहर्ट्झचं स्टेशन लावलं आणि आयएफ (स्टेशनची लहर आत ज्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणतात ती) 455 असेल तर तो 1255 वर चालतो, आणि त्यातला थोडा भाग एरियलमधून उलटा बाहेर पडतो. रिजनरेटिव्ह सेट, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग परत आत देऊन सिग्नल वाढवणारा, तर अजून वाईट, फीडबॅक जरा जास्त झाला की तो सेट स्वतःच छोटा ट्रान्समीटर बनतो. शत्रू हे ऐकून तुमची जागा शोधेल अशी भीती होती म्हणून असे खासगी सेट वापरायला मनाई असायची. काहींना ही भीती फुगवलेली वाटते, मला तसं वाटत नाही. सुपरहेटची गळती फार लांब जात नाही हे खरं, पण हीच गळती पकडून चालू असलेले रिसीव्हर हुडकायचं काम पुढे 1950 च्या दशकात ब्रिटनच्या एमआय-5 ने ‘राफ्टर’ नावाच्या मोहिमेत पद्धतशीरपणे केलं, म्हणजे तत्त्वात दम होताच.

मग उरतो तो सेट ज्यात ऑसिलेटर नाही, बॅटरी नाही, काहीच नाही, जो फक्त एरियलमध्ये आलेल्या पॉवरवर चालतो. क्रिस्टल सेट. त्यासाठी डायोडचं काम करायला गॅलेना या खनिजाचा खडा पाहिजे, तो पण नव्हता. तिथे कुणीतरी दाढीचं ब्लेड वापरलं. 29 एप्रिल 1944 च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये अशा रेडिओची बातमी आली, तो ओक्लाहोमातल्या एनिड गावच्या एल्डन फेल्प्स या प्रायव्हेटने बनवलेला होता, लाकडात ब्लेड रोवलेलं आणि एरियलच्या तारेचंच टोक ब्लेडवर टेकवलेलं, एवढ्यावर त्याने रोम आणि नेपल्स ऐकलं. आपणच हे पहिल्यांदा केलं असं तो नंतर म्हणायचा. पुढे तारेच्या टोकाऐवजी पेन्सिलचं शिसं (ग्रॅफाइट) आलं, सेफ्टी पिनच्या टोकाला शिशाचा तुकडा तारेने बांधायचा, पिनचं दुसरं टोक फळीवर खिळ्याने ठोकायचं, आणि पिनच्या स्प्रिंगमुळे शिसं ब्लेडवर अगदी हलकं टेकून राहतं. फॉक्सहोल रेडिओ म्हणून हीच रचना प्रसिद्ध झाली.

बाकीचा सेट: पुठ्ठ्याच्या नळीवर कॉइल, लांब तार एरियल म्हणून, जमिनीत खुपसलेला धातूचा तुकडा अर्थिंग म्हणून, आणि हेडफोन. हेडफोन ही एकच वस्तू हाताने बनवता येत नाही, ती कुठून तरी मिळवावीच लागते.

यात ट्यूनिंग कंडेन्सर नाहीये हे लक्षात आलं असेल. मग ट्यून कसं होतं? एरियलची स्वतःची कपॅसिटन्सच कंडेन्सरचं काम करते. हिशोब करून बघा, 2 इंच व्यासाच्या नळीवर या सेटचे नेहमीचे 120 वेढे, कॉइलची लांबी 3 इंच, कॉइलसाठीच्या व्हीलरच्या सूत्राने इंडक्टन्स येतो साधारण 370 मायक्रोहेन्री. जमिनीलगत ताणलेल्या तारेची कपॅसिटन्स 150 पिकोफॅरॅड धरली तर रेझोनन्स येतो 675 किलोहर्ट्झच्या आसपास, 100 धरली तर 830. बरोब्बर मीडियम वेव्हच्या मध्ये. म्हणजे तार थोडी लांब-आखूड केली किंवा कॉइलवर सरकता कॉन्टॅक्ट ठेवला की स्टेशन बदलतं. ज्याने कुणी 120 वेढ्यांचा आकडा पक्का केला त्याने हा हिशोब केला असो वा करून-बघून ठरवला असो, आकडा योग्य आहे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे ब्लेड नेमकं काय करतं.

एएम सिग्नल म्हणजे सेकंदाला सात-आठ लाख वेळा वर-खाली होणारा करंट, आणि त्याची उंची आवाजाच्या गतीने कमी-जास्त होत असते. हा करंट सरळ हेडफोनमध्ये सोडला तर काहीही ऐकू येत नाही. दारावर एकाच वेळी दोन्ही बाजूंनी सारखाच जोर लावला तर दार जसं जागचं हलत नाही तसं डायफ्रामचं, म्हणजे हेडफोनमधल्या पडद्याचं होतं, वरचा धक्का आणि खालचा धक्का इतक्या लगेच एकामागून एक येतात की सरासरी शून्य. आवाज उंचीत आहे, पण वरच्या बाजूची उंची आणि खालच्या बाजूची उंची एकमेकींना खातायत. तेव्हा काम एवढंच आहे की एका बाजूला दुसरीपेक्षा जास्त वाट द्यायची. पूर्ण बंद केली पाहिजे असं नाही हां, नुसती जास्त. मग सरासरी शून्य राहत नाही, ती एन्व्हलपच्या, म्हणजे लहरीच्या बदलत्या उंचीच्या, मागे मागे जाते, आणि डायफ्राम ती सरासरी पाळतो. गाळणीसाठी वेगळा कंडेन्सर पण लागत नाही, हेडफोनची वायर आणि त्याची कॉइल मिळून आरएफ (वेगाने वर-खाली होणारी रेडिओ लहर) गाळून टाकतात.

ब्लेड तापवलं, किंवा फॅक्टरीतच निळसर केलेलं असलं, की त्यावर लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. गंजलेलं पण चालतं. हा ऑक्साइड सेमीकंडक्टर आहे. त्याच्यावर ग्रॅफाइटचं टोक टेकवलं की त्या सुईच्या टोकाएवढ्या जागेत एक कच्चा जंक्शन तयार होतो, ज्यातून एका दिशेने करंट सहज जातो आणि उलट्या दिशेने जरा अडखळत. स्टीलची सुई जोरात टोचली तर ती थर फोडून खालच्या धातूला भिडते आणि सगळं शॉर्ट, म्हणून मऊ शिसं आणि हलका दाब. शिवाय ब्लेडवर सगळीकडे थर सारखा नसतो, कुठे चालतो कुठे चालत नाही, त्यामुळे हेडफोन कानाला लावून टोक मिलीमीटर-मिलीमीटर सरकवत जागा शोधायची, जवळ शेल पडला की टोक हलणार आणि परत शोधायचं. गॅलेनावर तारेचं टोक फिरवणारे लोक वीस-पंचवीस वर्षं आधी घरोघर हेच करत होते. यातलं काही नवीन नव्हतं, धातूच्या सल्फाइडमधून करंट एका दिशेने जास्त जातो हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ब्राउनने 1874 मध्येच दाखवलं होतं, आणि आपल्या जगदीशचंद्र बोसांचं गॅलेना डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट 1901 मध्ये दाखल होऊन 1904 मध्ये मंजूर झालं. हे पेटंट आपल्याकडे फक्त अभिमानाच्या भाषणात येतं याचं मला वाईट वाटतं, कारण ते खरं म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या धड्यात यायला पाहिजे, सेमीकंडक्टर वापरून रेडिओ लहरी ओळखायचं इतकं जुनं पेटंट दुसरं सहज सापडणार नाही.

सिग्नल किती असेल? रोमच्या ट्रान्समीटरची पॉवर आपण समजा 10 किलोवॉट धरू, फक्त हिशोबासाठी. आदर्श जमिनीवर 50 किलोमीटरवर फील्ड येतं मीटरला 19 मिलिव्होल्ट, जमिनीतले लॉस धरून 10 म्हणू. बुटक्या एरियलची परिणामकारक उंची 3 मीटर, म्हणजे तारेत 30 मिलिव्होल्ट. अर्थिंग आणि कॉइल मिळून रेझिस्टन्स 80 ओहम असेल तर या एरियलमधून जास्तीत जास्त मिळू शकणारी पॉवर जेमतेम 3 मायक्रोवॉट. तेवढ्यातच सगळं भागवायचंय. पण चांगले मॅग्नेटिक हेडफोन मायक्रोवॉटच्या कितीतरी खाली ऐकू येतात, आणि रेझोनन्समुळे कॉइलच्या टोकाला व्होल्टेज वाढतं, 30 चे शे-दीडशे मिलिव्होल्ट होऊ शकतात. नेपल्स लांब, दीडशे किलोमीटर, पण वाटेतला बराच भाग समुद्रावरून आहे आणि खाऱ्या पाण्यावरून मीडियम वेव्हची जमिनीलगतची लहर कोरड्या जमिनीपेक्षा खूप लांब जाते, त्यामुळे फेल्प्सने नेपल्स ऐकलं यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

आता हा शे-दीडशे मिलिव्होल्टचा आकडा धरून ठेवा, कारण इथेच बहुतेक लोक अडकतात. आपल्याला डिप्लोमापासून शिकवलेलं असतं की सिलिकॉन डायोड 0.7 व्होल्टला चालू होतो, जर्मेनियम 0.3 ला, त्याखाली बंद. मग 0.15 व्होल्टचा सिग्नल कुणालाच उघडू शकणार नाही ना? आणि तरी क्रिस्टल सेट त्याहून कितीतरी कमी सिग्नलवर वाजतात. कारण 0.7 आणि 0.3 ही काही भिंत नाहीये, ती पॉवर सप्लायचा हिशोब सोपा करायला ठेवलेली सोय आहे. डायोडमधून शून्याच्या आसपासही करंट जातो, फक्त थोडा जातो, आणि त्याचा ग्राफ सरळ रेष नसून वाकलेला असतो. डिटेक्शन होतं ते या वाकण्यामुळे. शून्याच्या उजवीकडे 10 मिलिव्होल्ट दिले की जेवढा करंट येतो त्यापेक्षा डावीकडे 10 दिले की जरा कमी येतो, हा फरक म्हणजेच आपला आवाज.

यातून एक गोष्ट आपोआप येते. सिग्नल लहान असला, म्हणजे खोलीच्या तापमानाला डायोडच्या सूत्रात जे 26 मिलिव्होल्ट येतात त्याच्यापेक्षा कमी, तर डिटेक्टरचं आउटपुट सिग्नलच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. सिग्नल निम्मा झाला की आवाजाचं व्होल्टेज पाव होतं. म्हणून क्रिस्टल सेटवर लांबचं स्टेशन नुसतं हळू येत नाही तर पार गायब होतं, आणि म्हणूनच एरियल थोडं उंच केलं, अर्थिंगला जरा पाणी ओतलं की फरक अपेक्षेपेक्षा जास्त पडतो. सिग्नल शंभर मिलिव्होल्टच्या पुढे गेला की हळूहळू नेहमीचं सरळ एन्व्हलप डिटेक्शन सुरू होतं.

मग सिलिकॉन का वाजत नाही? मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून वन-एन-4148 हा साधा सिलिकॉन डायोड आणून क्रिस्टल सेटमध्ये लावणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येतो, सगळं बरोबर आणि हेडफोनमध्ये शांतता, आणि मग उत्तर मिळतं की 0.7 व्होल्ट लागतात म्हणून. खरं कारण वेगळंय. शून्य बायसला, म्हणजे बाहेरून व्होल्टेज न देता, 4148 चा रेझिस्टन्स दहा मेगओहमच्या वर असतो, कारण त्याचा सॅच्युरेशन करंट (उलट्या दिशेने गळणारा करंट) नॅनोअँपिअरमध्ये आहे. वाकणं त्यातही आहे, पण इतक्या मोठ्या रेझिस्टन्समधून दोन-चार हजार ओहमच्या हेडफोनला काय पोचणार? जर्मेनियमचा सॅच्युरेशन करंट मायक्रोअँपिअरच्या घरात, म्हणून रेझिस्टन्स काही दहा हजार ओहम, तो ट्यून्ड सर्किटशीही जमतो आणि हेडफोनशीही बऱ्यापैकी. हा प्रश्न मॅचिंगचा, म्हणजे रेझिस्टन्स जुळण्याचा आहे, दार उघडण्याचा नाही.

याचा पुरावा म्हणजे त्याच 4148 ला एका पेन्सिल सेलमधून मोठ्या रेझिस्टरने साधारण 1 मायक्रोअँपिअर बायस द्या, त्याचा रेझिस्टन्स 50 किलोओहमच्या आसपास येतो आणि तो जर्मेनियमसारखाच छान वाजतो. सिग्नल तेवढाच, मिलिव्होल्ट तेवढेच, फक्त ग्राफवर काम करायची जागा सरकवली. हे पण जुनंच आहे, 1906 च्या कार्बोरंडम डिटेक्टरला असाच बॅटरीचा बायस देत असत.

आता ब्लेडकडे परत. ब्लेड-शिशाचा जंक्शन डायोड म्हणून अगदीच सुमार, उलट्या दिशेला तो काही पटच जास्त रेझिस्टन्स दाखवतो, चांगल्या जर्मेनियमसारखा शेकडो पट नाही. 0.7 ची भिंत ज्याच्या डोक्यात आहे त्याला हे ब्लेड कसं काय चालतं हे कधीच कळणार नाही. पण वाकणं आणि मॅचिंग या दोन कसोट्या लावल्या की लगेच कळतं: शून्याजवळ ग्राफ वाकलेला आहे, आणि रेझिस्टन्स हजारो ओहमच्या घरात म्हणजे हेडफोनच्या जवळपास आहे. दोन्ही गोष्टी कशाबशा का होईना जमतात.

किंमत मोजावी लागते ती हवं ते स्टेशन वेगळं निवडण्याच्या बाबतीत. कमी रेझिस्टन्सचा गळका डिटेक्टर कॉइलच्या दोन टोकांना लावला की तो रेझोनन्स दाबून टाकतो, ट्यूनिंग पसरट होतं, मोठं स्टेशन सगळ्या डायलवर पसरतं. अँझिओला रोम एवढं जवळ आणि नेपल्स तिप्पट लांब, म्हणजे दिवसा रोमखाली नेपल्स दबणं साहजिक होतं. यावर उपाय आहे, डिटेक्टर कॉइलच्या वरच्या टोकाला न लावता मधल्या वेढ्यावर लावायचा, निम्म्या वेढ्यांवर लावला तर कॉइलला तो चौपट रेझिस्टन्ससारखा दिसतो, ट्यूनिंग धारदार होतं, व्होल्टेज मात्र निम्मं मिळतं. लहान सिग्नलला व्होल्टेज निम्मं म्हणजे काय ते वर आलंच आहे, तेव्हा किती खाली टॅप घ्यायचा ही प्रत्येकाने आपल्या एरियलवर कान लावूनच ठरवायची गोष्ट आहे.

आज कुणाला हे करून बघायचं असेल तर आधी आपल्या भागात मीडियम वेव्हचं स्टेशन चालू आहे का ते साध्या ट्रान्झिस्टरवर तपासा, आकाशवाणीचे बरेच ट्रान्समीटर आता बंद झालेत. स्टेनलेस ब्लेड नुसतं चालत नाही, साधं कार्बन स्टीलचं घ्या आणि चिमट्यात धरून गॅसवर निळं होईपर्यंत तापवा. मोबाइलचे इअरफोन लावू नका, ते 16 किंवा 32 ओहमचे असतात. क्रिस्टल इअरपीस चालतो, पण त्याला समांतर 47 ते 100 किलोओहमचा रेझिस्टर हवा, कारण तो आतून कंडेन्सर आहे, डिटेक्टरमधून आलेल्या डीसी करंटला वाट मिळाली नाही तर तो चार्ज होऊन बसतो आणि आवाज बारीक, फाटका येतो किंवा येतच नाही.

आणि तुलनेसाठी जर्मेनियम आणाल तर काचेची बॉडी बघून विश्वास ठेवू नका, वन-एन-34 हा जर्मेनियम डायोड म्हणून दुसरंच काही गळ्यात मारलं जातं. 1.5 व्होल्टचा सेल, 1 मेगओहम आणि तो डायोड सीरीजमध्ये जोडा, डायोडच्या दोन टोकांना डिजिटल मीटर लावा. खरा जर्मेनियम तिथे काही दहा मिलिव्होल्टच दाखवतो, साधा सिलिकॉन अडीचशे-तीनशेच्या आसपास जातो. मीटरवरच्या डायोड टेस्टपेक्षा ही टेस्ट बरी, कारण डायोड टेस्टला मीटर मिलिअँपिअरमध्ये करंट सोडतो आणि आपलं सगळं काम मायक्रोअँपिअरमध्ये चाललेलं असतं.